तोंडी 'बंद करा'वर लेखी नोटीस मागितली

आमचं फरसाणाचं छोटं दुकान. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी भट्टीमागच्या मोरीला जाळी नाही, कारागिरांचे वैद्यकीय दाखले नाहीत, एवढं पाहून सांगितलं, "उद्यापासून बंद ठेवा."

मी म्हटलं, "साहेब, काय ते लेखी द्या." अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ मध्ये आधी सुधारणा नोटीस आहे. तिच्यात कारणं, उपाय आणि किमान १४ दिवसांची मुदत हवी. परवान्याचं निलंबन त्यानंतरचं. सार्वजनिक आरोग्यासाठी तडकाफडकी निलंबन करता येतं, पण त्याचीही कारणं लेखी नोंदवावी लागतात. छोट्या दुकानदाराला हे कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

नोटीस आली. जाळी बसवली, दाखले काढले. उत्तरात प्रत्येक मुद्द्याखाली काय केलं ते लिहिलं, फोटो आणि पावत्या जोडल्या, आवक शिक्क्याची प्रत घेतली. फेरतपासणीत प्रकरण मिटलं.

दंडाची वेळ आली तर कलम ४९ दाखवा. चूक वारंवार झाली का, जाणूनबुजून केली का, हे रक्कम ठरवताना बघावंच लागतं. निलंबनाचा आदेश आलाच, तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपिलाला १५ दिवस असतात.