जुन्या सागवानाचे कोस्टर करताय? या चुका टाळा

जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया, चौकटी, जिन्याच्या फळ्या वखारीत येऊन पडतात. मोठा माल फर्निचरवाले उचलतात. उरलेले वीतभर तुकडे स्वस्तात मिळतात आणि कोस्टरला, म्हणजे कप-ग्लासाखाली ठेवायच्या छोट्या फळीला, तेवढे पुरतात. लाकूड पन्नास-साठ वर्षं मुरलेलं, तरी पहिल्याच पावसाळ्यात कोस्टर वाकडा होतो किंवा पांढरा पडतो. दोष बहुधा लाकडाचा नसतो. आपण कोस्टर शोभेसाठी करतो, त्याला मात्र रोज गरम कपाचं बूड आणि गार ग्लासाचं पाणी सोसायचं असतं.

आधी निवड. तुकड्यावरून चुंबक फिरवल्याशिवाय करवत लावू नका. डोकं तुटलेला खिळा आत राहिला तर पातं जातंच, वर ओल लागून गंजही उतरतो. खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची करणी. तो काढायला जाऊ नका, जुन्या सागाची ओळखच ती. जुन्या ऑइलपेंटची चौकट मात्र सोडून द्या. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली; त्याआधीचा रंग घासून त्याची धूळ घरात उडवण्यात शहाणपण नाही. पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड घेत असाल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं नको.

ओंडक्याच्या गोल चकत्या फोटोत छान दिसतात, पण मला त्या पटत नाहीत. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने, मध्यापासून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट आकसतं. म्हणून चकतीला कडेपासून मध्यापर्यंत चीर जाते. शिवाय कापलेलं तोंड वर असल्याने पाणी शोषलं जातं ते वेगळंच. उभ्या रेषेची, चार इंची, ९-१० मिलिमीटर जाडीची फळी घ्या.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: पॉलिश फक्त वरून लावणे. खालची कोरी बाजू पावसाळी हवेतली ओल ओढते आणि फुगते, वरची तशीच राहते, आणि कोपरे वर उचलतात. मग कोस्टर टेबलावर डुगडुगतो. असा झालाच तर खालची बाजू वर करून कोवळ्या उन्हात ठेवा आणि मधूनमधून सरळ पट्टी लावून बघत राहा. सपाट झाला की लगेच खाली आणि चारही कडांना तेवढेच हात मारा. थांबलात तर पुन्हा वाकेल.

हात कशाचे? चंद्रसाचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या राळेचं, पॉलिश दिसायला देखणं, पण गरम कपाखाली पांढरं कडं धरतं. कडं ताजं असेल तर स्पिरिटच्या जेमतेम ओलसर फडक्याने हलकेच पुसलं की बऱ्याचदा जातं. त्यापेक्षा पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) तीन पातळ हात द्या, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर. साग मुळात तेलकट, म्हणून पहिल्या हाताआधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर पापुद्रे सुटतात. हाताला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. आठवडाभर एकमेकांवर रचू नका. साध्या इपॉक्सी रेझिनचा चकचकीत थर तर चहाच्या कपाखाली मऊ पडून ठसा धरतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नकोच, ते वाळत नाही आणि खवट होतं. जवसाचं तेल चालेल, पण त्याची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

खाली फेल्ट (लोकरीसारखं जाड कापड) लावला की तो पाणी पितो आणि टेबलावर ओला चौकोन उमटतो. दोन मिलिमीटरचा कॉर्क किंवा चार छोटे रबरी पाय पुरे. डिंक पाण्याला टिकणारा हवा, साधा पांढरा सुटतो.

आणि ग्लास उचलला की कोस्टरही चिकटून वर येत असेल, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत झालाय. करवतीने वर तीन-चार उथळ रेघा मारा. त्या रेघांतही पीयू पोचला पाहिजे, नाहीतर ओल तिथूनच आत शिरेल.