ट्रायहॅलोमिथेन वाढलं? क्लोरिन कमी करण्याआधी या चुका टाळा

पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ट्रायहॅलोमिथेन (क्लोरिन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ यांच्या क्रियेतून बनणारे उपपदार्थ) मर्यादेबाहेर आलं की पहिला हात जातो क्लोरिनच्या डोसकडे. तो आवरा. या उपपदार्थांचा धोका वर्षानुवर्षं ते पाणी पिण्यातून संभवतो. जंतू राहिले तर काही दिवसांत साथ पसरते. उपपदार्थांसाठी निर्जंतुकीकरणात तडजोड नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितलं आहे. क्लोरिन कशाशी संयोग पावतंय ते शोधायचं, आणि ते बहुतेकदा पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थच असतात: कुजलेला पाला, माती आणि शेवाळातून आलेली ह्युमिक व फल्विक आम्लं. नैसर्गिक पाण्यातल्या अशा पदार्थांवर क्लोरिनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म, म्हणजे एक ट्रायहॅलोमिथेनच, तयार होतो, हे योहानेस रूक यांनी रॉटरडॅममध्ये १९७४ साली दाखवलं.

"गढूळपणा उतरला, म्हणजे झालं"

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. विरघळलेला सेंद्रिय कार्बन म्हणजे ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पार होणारा भाग. गढूळपणा मोजणाऱ्या मीटरला तो दिसतच नाही. तरी तुरटीचा डोस ठरवताना जार टेस्टमध्ये (भांड्यांत वेगवेगळे डोस आजमावताना) निवळलेल्या पाण्याचा एनटीयू, म्हणजे गढूळपणाचा आकडा, तेवढा पाहिला जातो. त्याच जारमधलं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून २५४ नॅनोमीटरवरचं अतिनील शोषण मोजा, जमल्यास सेंद्रिय कार्बनही. प्रति मीटर शोषणाला मिलिग्रॅम प्रति लिटर कार्बनने भागलं की विशिष्ट शोषण मिळतं. कच्च्या पाण्यात ते ४ च्या वर असेल तर पदार्थ ह्युमिक आहेत, तुरटीने बरेच निघतील. २ च्या खाली असेल तर तुरटी वाढवून बहुधा गाळच वाढेल. नमुना मात्र क्लोरिन पडण्याआधीचा हवा. क्लोरिन या पदार्थांच्या रेणूंमधली, हा प्रकाश शोषणारी अॅरोमॅटिक वलयं मोडतं, त्यामुळे शोषण घटतं आणि कार्बन जवळपास तेवढाच राहतो.

पीएचकडेही बघा. तुरटीने सेंद्रिय पदार्थ साधारण ५.५ ते ६.५ पीएचला चांगले निघतात. १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खाते. म्हणून कमी क्षारतेच्या पाण्यात पीएच आपोआप घसरतो (फार घसरला तर पाण्यात अॅल्युमिनियम उरतं), जास्त क्षारतेच्या पाण्यात मात्र तो हलत नाही. तिथे आम्लाचा विचार करावा लागतो, आणि वितरणाआधी पीएच पुन्हा वर आणावा लागतो.

कच्च्या पाण्यातच क्लोरिन

प्री-क्लोरिनेशनमध्ये क्लोरिनला सगळेच्या सगळे सेंद्रिय पदार्थ भेटतात. शेवाळाच्या हंगामात तर पेशी फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. निवळण किंवा गाळणीनंतर डोस द्या, एवढ्यानेच फरक पडतो. पण जागा बदलण्याआधी उरलेला संपर्कवेळ (जंतू मारायला क्लोरिनला मिळणारा वेळ) पुरेसा आहे का, हे हिशेब करून बघा. हे न करता डोसिंग पॉइंट हलवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

नमुना चुकला की आकडाही चुकतो

बाटलीत वरती हवेची जागा राहिली तर ट्रायहॅलोमिथेन उडून जातं. उर्वरित क्लोरिन रसायन घालून थांबवलं नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ट्रायहॅलोमिथेन बाटलीतच वाढत राहतं. शिवाय एकाच टोकाचा नमुना पुरत नाही. ट्रायहॅलोमिथेन पाइपलाइनच्या शेवटाकडे वाढतं, तर हॅलोअॅसिटिक आम्लं (क्लोरिनचे दुसऱ्या गटातले उपपदार्थ), क्लोरिन संपलेल्या भागात जिवाणू खाऊन टाकतात म्हणून, तिथे कमी दिसू शकतात. निर्जंतुकीकरणाच्या वेळी पीएच खाली ठेवून ट्रायहॅलोमिथेन घटवलं तर ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल (हॅलोअॅसिटिक आम्लांपैकीच एक) वाढू शकतं, म्हणून दोन्ही मोजा.

कार्बन तेवढाच असून आकडा वर गेला असेल तर ब्रोमाइड तपासा; क्लोरिनमुळे त्यातलं ब्रोमिनही उपपदार्थांत शिरतं. तुरटी ब्रोमाइड काढत नाही. त्यामुळे कार्बन घटला की ब्रोमिनयुक्त उपपदार्थांचा वाटा उलट वाढतो.

जंतुनाशकच बदलायचं म्हणाल, तर त्यांचेही नको असलेले उपपदार्थ आहेतच: ओझोन ब्रोमाइडपासून ब्रोमेट करतो, क्लोरामाइन नायट्रोसामाइनला वाट देतं, क्लोरिन डायऑक्साइड क्लोराइट मागे ठेवतं.

राहिला सक्रिय कार्बनचा थर. चव-वास काढण्याची त्याची ताकद टिकून असते, तरी सेंद्रिय कार्बन धरण्याची क्षमता कधीच संपलेली असू शकते. पाणी चवीला चांगलं लागतं म्हणून थर बदलणं पुढे ढकलू नका. क्लोरिनआधी, थरात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं २५४ नॅनोमीटरवरचं शोषण दर आठवड्याला नोंदवा.