सीचं पुस्तक घेताना आधी हे तपासा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात डिप्लोमा किंवा बीएस्सीला गेलेल्या मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बहुधा सीनियरच्या झेरॉक्स नोट्स मिळतात, नाहीतर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ. त्यात चूक असली की तीही पुढच्या बॅचला जाते. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी १० मिनिटं खर्च करा आणि साहित्य तपासून घ्या.

पहिलाच प्रोग्रॅम बघा. वर ‘कोनिओ डॉट एच’, मग ‘व्हॉइड मेन’ आणि शेवटी ‘गेटच’ असेल, तर ते साहित्य टर्बो सीसाठी, म्हणजे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या कंपायलरसाठी (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनासाठी) लिहिलंय. सीच्या मानकात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीत, ‘कोनिओ’ नाहीच, आणि मेन इंट (पूर्णांक) परत करतो. हा नुसता नियमांचा कीस नव्हे, उत्तरं बदलतात. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. हापूसच्या २० पेट्या, पेटीला २००० रुपये, असा गुणाकार दोन इंट घेऊन केलात तर ४०००० ऐवजी उणे २५५३६ छापून येतं. आजच्या जीसीसी या कंपायलरवर सहसा इंट ४ बाइटचा असतो, तिथे उत्तर बरोबर येईल. ‘इंट २ बाइटचाच असतो’ असं ठामपणे लिहिणारं पुस्तक बाजूला ठेवा.

पुढे ‘गेट्स’ हे ओळ वाचून घेणारं फंक्शन शोधा. किती अक्षरं घ्यायची हे या फंक्शनला सांगताच येत नाही, त्यामुळे लांब ओळ आली की ते शेजारची मेमरी खराब करतं. २०११च्या मानकातून ते काढूनच टाकलंय. चांगलं पुस्तक त्याऐवजी ‘एफगेट्स’ शिकवतं, त्याला ही मर्यादा सांगता येते.

फाइलच्या धड्यात शिरलात की पुस्तकाची खरी परीक्षा होते. समजा फाइलमध्ये देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा ३ ओळी आहेत, शेवटच्या ओळीनंतरही एंटर दिलाय. पुस्तकातला लूप ‘जोवर एफईओएफ नाही तोवर’ असा चालतो; एफईओएफ हे फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन. आत एफगेट्सने ओळ वाचायची आणि छापायची. हा प्रोग्रॅम वेंगुर्ला दोनदा छापतो. कारण एफईओएफ ‘फाइल आता संपेल’ असं आधी सांगत नाही. वाचायला जाऊन हाती काही लागलं नाही, की मगच ते खरं होतं. चौथं वाचन फसतं, बफरमध्ये (वाचलेली ओळ ठेवायच्या जागेत) जुनं वेंगुर्ला तसंच पडून असतं, तेच पुन्हा छापलं जातं. लूपची अट एफगेट्सच्या परत आलेल्या किमतीवरच हवी. हा मुद्दा नीट समजावणाऱ्या लेखकावर बाकीच्या धड्यांसाठीही विश्वास टाकायला हरकत नाही.

‘आय बरोबर आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय (i = i++ + ++i), आउटपुट काय?’ असले प्रश्न सोडवण्यात वेळ घालवू नका. भाषेच्या नियमांनुसार त्याला ठरलेलं उत्तरच नाही, कंपायलर काहीही देऊ शकतो.

आता घ्यायचं काय? सीचा जनक डेनिस रिची आणि ब्रायन कर्निघॅन यांचं ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ घ्या, पण १९८८ची दुसरी आवृत्तीच. १९७८च्या पहिल्या आवृत्तीतली फंक्शन लिहिण्याची पद्धत आता बाद झाली आहे. पुस्तक छोटं आणि घट्ट आहे. ज्याने आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्याला ते जड जातं. अशांनी के. एन. किंग यांचं ‘सी प्रोग्रॅमिंग: अ मॉडर्न अप्रोच’ घ्यावं, तेही दुसऱ्या आवृत्तीतलं. जाडजूड आहे, पण सावकाश समजावतं आणि स्वाध्याय भरपूर आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे सीवरचे छोटे व्हिडिओ मराठीत आहेत, सुरुवात तिथून करा. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट बघता येतात, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. एखादं फंक्शन अडलं की सीपीपीरेफरन्स या वेबसाइटचा सी विभाग उघडा. तो शिकण्यासाठी नाही, शब्दकोशासारखा वापरायचा. एक पुस्तक आणि एक संदर्भ, एवढ्यावर थांबा. पाच-पाच पीडीएफ उघडल्या की पॉइंटरचा धडा पाचही ठिकाणी अर्धवट राहतो.

सोबत कंपायलर हवाच. लिनक्सवर जीसीसी टाका, लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे अ‍ॅप घेऊन त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल क्लँग’ (pkg install clang) ही आज्ञा द्या, क्लँग हाही कंपायलरच. दर वेळी ‘वॉल’ (-Wall) आणि ‘डब्ल्यूएक्स्ट्रा’ (-Wextra) हे वॉर्निंग दाखवणारे दोन्ही पर्याय लावूनच कंपाइल करा. पुस्तकातल्या उदाहरणांवर वॉर्निंगांची रांग लागली, तर पुस्तकाबद्दल तेवढं सांगणं पुरेसं आहे.

आपल्याकडे पाऊस लागला की लाइट जाते, मागोमाग टॉवरही. तेव्हा आगोटीच्या सामानाबरोबर हीही बेगमी मे महिन्यातच करा: सीपीपीरेफरन्सची ऑफलाइन प्रत, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि कंपायलर फोनमध्ये उतरवून ठेवा. मग नेट बंद करून एक प्रोग्रॅम कंपाइल करून बघा. काही राहिलं असेल तर रेंज आहे तोवरच कळेल.