कापसाच्या बाजारातलं इंग्रजी कसं शिकावं

वायदे बाजाराचं इंग्रजी शिकायचं म्हटलं की बरेच जण शब्दांची यादी पाठ करायला बसतात. हेज, स्प्रेड, कॉन्टँगो. आठ दिवसांत सगळं डोक्यातून जातं, कारण त्या यादीत माल कुठेच नसतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी एक माल धरा, आपल्या गावात येणारा. मी अकोल्यात एका जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचा, हिशेब आणि गिरण्यांशी होणारा पत्रव्यवहार बघते, त्यामुळे माझा माल कापूस. तुमचा हळद असेल, सोयाबीन असेल, रीत हीच.

यार्डात रोज तोंडात असलेले शब्द आधी घ्या. कापूस म्हणजे सीड कॉटन, रुई म्हणजे लिंट, सरकी म्हणजे कॉटनसीड, गाठ म्हणजे बेल, ढेप म्हणजे ऑइलकेक. उताऱ्याला आउटटर्न म्हणतात: क्विंटलभर कापसातून रुई किती निघाली ते, साधारण 33-34 किलो. काडीकचरा तो ट्रॅश, ओलावा तो मॉइश्चर. हे शब्द वहीवर नका शिकू, मालावर शिका. रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढा, तंतू एका रेषेत आले की काळ्या कापडावर ठेवून पट्टी लावा. ही तंतूची लांबी म्हणजे स्टेपल. 29 मिलिमीटर भरले, तर तोंडाने म्हणा, ‘स्टेपल ट्वेंटी-नाइन’. एकदा असा बोटांतून गेलेला शब्द विसरत नाही. मायक्रोनेअर मात्र हाताला कळत नाही. तंतू किती बारीक आणि किती पक्व, हे सांगणारा तो यंत्रावरचा आकडा आहे. आमच्याकडे त्याला नुसतं ‘माइक’ म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि शिकवणारे नेमकं हेच सोडून देतात. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचं माप लिहा. न्यूयॉर्कचा कापूस वायदा सेंट प्रति पाउंड बोलला जातो, आपल्याकडे रुईचा भाव खंडीला. खंडी आपलीच, इंग्रजीत ती कँडी झाली. एक खंडी म्हणजे 784 पाउंड, जवळपास 356 किलो. समजा तिकडे भाव 70 सेंट आहे. 70 गुणिले 784 म्हणजे 54,880 सेंट, म्हणजे 548 डॉलर 80 सेंट. डॉलर 85 रुपये धरला तर खंडीला 46,648 रुपये. हे गणित रोज संध्याकाळी एकदा हाताने करा, कॅल्क्युलेटरवर केलं तरी चालेल, पण करा. सेंट, पाउंड, कँडी हे शब्द आपोआप बसतात आणि आपली रुई परदेशी रुईपेक्षा महाग की स्वस्त तेही कळतं.

गाठीचंही तसंच. अमेरिकी कृषी खात्याच्या अहवालातली बेल 480 पाउंडांची, म्हणजे सुमारे 218 किलो. आपली गाठ 170 किलोची. त्यांनी भारताचं पीक 25 मिलियन बेल लिहिलं, तर आपल्या मापाने ते साधारण 3 कोटी 20 लाख गाठी होतं. दोन आकडे शेजारी ठेवून ‘पीक घटलं’ अशी बोंब मारणारे मेसेज दरवर्षी फिरतात. वर्षही वेगळं असतं: त्यांचं ऑगस्ट ते जुलै, आपलं ऑक्टोबर ते सप्टेंबर.

हाच अहवाल वाचनाचा सराव म्हणून धरा. दर महिन्याला येतो, आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला. सगळा वाचू नका, कापसाचा एकच तक्ता बघा. बिगिनिंग स्टॉक्स म्हणजे मागचा शिल्लक साठा. त्यात प्रॉडक्शन आणि इम्पोर्ट मिळवा, गिरण्यांचा वापर आणि एक्सपोर्ट वजा करा, उरतो तो एंडिंग स्टॉक्स. हा शेवटचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघाला की तेजीवाले हलतात. अमेरिकेच्या तक्त्यात प्लँटेड आणि हार्वेस्टेड असे दोन आकडे असतात. पेरलेलं पण वेचणीपर्यंत न पोचलेलं क्षेत्र म्हणजे अबँडनमेंट. 2022 साली टेक्सासच्या दुष्काळात हा शब्द बातम्यांत सारखा येत होता. कोरडवाहू शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

बातम्यांतली क्रियापदं वेगळ्या पानावर लिहा. ईझ्ड म्हणजे भाव जरा नरमले, स्लिप्ड म्हणजे घसरले, प्लंज्ड म्हणजे कोसळले, रॅलीड म्हणजे चांगली तेजी आली. मथळा वाचून आधी अंदाज करा, किती टक्के हलला असेल, मग आकडा बघा. थोड्याच दिवसांत ईझ्ड आणि प्लंज्डमधलं अंतर कळू लागतं.

वायद्याचे शब्द शेवटी घ्या, आणि त्यातही फसवे आधी. मार्जिन म्हणजे दुकानदाराचा नफा नव्हे, सौदा उभा ठेवायला भरावी लागणारी अनामत. ओपन इंटरेस्टचा व्याजाशी संबंध नाही, ते म्हणजे अजून न कापलेले उभे सौदे. लॉन्ग म्हणजे घेऊन बसलेला, शॉर्ट म्हणजे विकून बसलेला. बेसिस म्हणजे हजर भाव, म्हणजे समोरच्या मालाचा आजचा भाव, वजा वायद्याचा भाव. तो शिकायला आमच्यासाठी सरकी ढेप उत्तम: एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातल्या तिच्या सांकेतिक नावाची शेवटची तीन अक्षरं ‘एकेएल’, म्हणजे आपलं अकोलाच. इथला हजर भाव विचारा, पडद्यावरचा वायदा बघा, वजाबाकी वहीत लिहा.

वाचन जमलं की लिहायला लागा. गिरणीला दोन ओळींचा मेसेज पुरतो: ‘हंड्रेड बेल्स, थर्टी एमएम, माइक थ्री पॉइंट एट, ट्रॅश थ्री पर्सेंट, एक्स-जिन’, आणि पुढे भाव. एक्स-जिन म्हणजे जिनिंगच्या दारातला भाव, वाहतूक वेगळी. पुढे फर्म ऑफर लिहायचं का, हे नीट ठरवा. बातमीतलं फर्म म्हणजे भाव टिकून आहेत, ऑफरमधलं फर्म म्हणजे या भावात माल द्यायला तुम्ही बांधील. म्हणून मुदत त्याच ओळीत घाला: ‘व्हॅलिड टिल फाइव्ह पीएम टुडे’.