नाशिकच्या धंद्यासाठी गूगलवर जाहिरात लावताय? या चुका टाळा

इंदिरानगरात एसी दुरुस्तीचं दुकान, जाहिरातीला रोजचे ३०० रुपये, आणि रिपोर्ट उघडला तर क्लिक ठाणे-कल्याणचे. दोष बहुतेकदा एकाच जागी असतो: गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात कॅम्पेनच्या, म्हणजे जाहिरात मोहिमेच्या, सेटिंग्जमधल्या ‘लोकेशन ऑप्शन्स’मध्ये. ठिकाण म्हणून नाशिक निवडलं तरी तिथे आधीपासून ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’वर खूण असते. म्हणजे नाशकात असलेले लोक तर येतातच, पण बाहेर बसून नाशिकबद्दल शोधणारेही येतात. घरी जाऊन काम करणाऱ्यांनी ती खूण काढून फक्त ‘प्रेझेन्स’ ठेवावं.

मात्र हा नियम सगळ्यांना लावू नका. त्र्यंबक रोडवर लॉज असेल तर गिऱ्हाईक मुंबईत बसूनच खोली शोधतं. तिथे फक्त ‘प्रेझेन्स’ केलंत तर आपल्याच हाताने दार लावल्यासारखं होईल.

ठिकाण निवडतानाही सुचवलेल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. जिल्हा निवडला गेला तर मालेगावपर्यंतचे क्लिक तुमच्या पैशांतून जातील. त्यापेक्षा दुकानाभोवती किलोमीटरने वर्तुळ आखा. इंदिरानगरहून ८-१० किलोमीटरमध्ये सिडको, पाथर्डी फाटा, नाशिकरोड, पंचवटी येतात. सिन्नरला माणूस पाठवायची तयारी नसेल तर वर्तुळ तिथवर नेऊ नका.

आता शब्द. कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द, नुसता टाकला की तो ‘ब्रॉड मॅच’ धरला जातो, म्हणजे त्याच्याशी संबंधित इतर शोधांनाही जुळतो. मग ‘एसी रिपेअर’वर ‘एसी रिपेअरिंग कोर्स’ आणि ‘एसी मेकॅनिक पगार’ शोधणारेही येतात, अन् प्रत्येक क्लिकचे पैसे कापले जातात. सुरुवातीला कीवर्ड दुहेरी अवतरणचिन्हांत म्हणजे ‘फ्रेज मॅच’मध्ये (त्या शब्दांचा अर्थ ज्यात येतो तेच शोध), किंवा चौकटी कंसात म्हणजे ‘एक्झॅक्ट मॅच’मध्ये (अगदी त्याच अर्थाचे शोध) टाका. एकच शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे द्या. मराठी माणूसही मोबाइलवर बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतो.

पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी ‘सर्च टर्म्स’ रिपोर्ट, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याची यादी, पाहा आणि नको ते शब्द निगेटिव्ह करा, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसू नये असं नोंदवा: कोर्स, नोकरी, पगार, जुना एसी. इथे एक मेख आहे. ‘जॉब’ निगेटिव्ह केल्याने ‘जॉब्स’ किंवा ‘नोकरी’ आपोआप अडत नाही. अनेकवचन आणि समानार्थी शब्द वेगळे टाकावे लागतात.

एखाद्या दिवशी ३०० ऐवजी ५८० कापले गेले म्हणून घाबरून कॅम्पेन बंद करू नका. गूगल एका दिवसात दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. पण बजेट मध्येच बदललं नाही तर महिन्याचा आकडा ३०० गुणिले ३०.४, म्हणजे ९,१२० रुपयांपुढे जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून खिशातून सुमारे १०,७६० जातात. जीएसटी नंबर असेल तर तो बिलिंगमध्ये भरा.

जाहिरात आपोआप चोवीस तास चालू असते. रात्री दोनला आलेला फोन कोणी उचलत नसेल तर ‘अ‍ॅड शेड्यूल’मध्ये सकाळी ९ ते रात्री ८ ठेवा.

आणि जाहिरात दिसते का हे पाहायला स्वतः पुन्हा पुन्हा सर्च करू नका. क्लिक न करता नुसतं पाहिलं की क्लिकचं प्रमाण घसरतं, आणि काही वेळाने गूगल ती तुम्हाला दाखवणंही बंद करू शकतं. खात्यातच ‘अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ आहे. तिथे ठिकाण नाशिक ठेवून शब्द टाका. जाहिरात दिसत नसेल तर कारणही तिथेच लिहून येतं.