नव्या माध्यमिक शाळेची फाइल नगरपरिषदेत देण्याआधी: तयारीची यादी

शाळेची मान्यता आणि शाळेच्या इमारतीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता शिक्षण विभाग देतो. खासगी संस्थेची नवी शाळा असेल, तर ती स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, 2012 खाली मिळते. बांधकामाची परवानगी मात्र अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर अशा ठिकाणी नगरपरिषदच देते, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली. एक हातात आली म्हणजे दुसरी आपोआप येईल असं धरून पाया खोदू नका. जागा हद्दीबाहेर असेल तर अर्ज नगरपरिषदेकडे जातच नाही. तेव्हा गट नंबर हद्दीत आहे की नाही, ही पहिली चौकशी.

फाइल अडते ती बहुतेक वेळा नकाशामुळे नाही, जमिनीमुळे. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी ताजा सातबारा, आठ-अ आणि मागचे सगळे फेरफार काढून सलग वाचा. भोगवटादार वर्ग-2 असं लिहिलेलं दिसलं, तर ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी संस्थेला घ्यायची असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ आडवं येतं. नंदुरबार जिल्ह्यात आणि चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडील गावांत हे आधी तपासा. परवानगीशिवाय झालेलं खरेदीखत पुढे रद्द होऊ शकतं आणि इमारत उभी असली तरी जमीन हातातून जाते. इतर हक्काच्या रकान्यात बहुतेकदा विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) घेऊन तो कमी करण्याचा फेरफार आताच टाका, शेवटच्या आठवड्यात तलाठी कार्यालयात धावपळ नको.

जमीन कोणाच्या नावावर आहे? अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाची जमीन आणि संस्थेच्या नावाचा अर्ज, या विसंगतीवर हमखास त्रुटी निघते. संस्था नोंदणीकृत न्यास असेल, तर घेतलेली जमीन धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट-1 वर चढवण्यासाठी 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेच्या ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि सही करणाऱ्या व्यक्तीचं नाव स्पष्ट लिहा.

मग झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. जागा रहिवास विभागात असेल तर काम सोपं. शेती विभागात शाळा बसू शकते, पण बांधकामाचं क्षेत्र मर्यादित मिळतं आणि रस्त्याची अट पाळावी लागते. जागेवर दुसऱ्याच कशाचं, म्हणजे बाजाराचं किंवा उद्यानाचं आरक्षण असेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो: ठराव, हरकतींसाठी एक महिन्याची सूचना, मग राज्य शासनाची मंजुरी. इतका वेळ नसेल तर दुसरी जागा बघा. शाळेचंच आरक्षण असलेला भूखंड मिळाला, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मोजणी कधी करायची, याचा आपल्या खानदेशात वेगळा विचार लागतो. उभ्या केळीत किंवा कपाशीत हद्दीच्या खुणा सापडत नाहीत. कापूस उपटल्यानंतर आणि पेरणीआधी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मोजणी होईल अशा बेताने भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. मोजणीची ‘क’ प्रत (मोजणी नकाशाची प्रत) हातात आल्याशिवाय नकाशा काढायला देऊ नका. सातबाऱ्याचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळली नाही, तर समासांची, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेची, सगळी मापं चुकतात आणि नकाशा पुन्हा काढावा लागतो.

त्याच दिवशी जागेवर वर आणि आजूबाजूला बघा. शेतीपंपांच्या तारा आपल्या शेतांवरून सर्रास जातात. 11 केव्हीच्या तारेपासून इमारत आडव्या मापाने किमान 1.2 मीटर आणि 33 केव्हीच्या तारेपासून 2 मीटर लांब हवी. शाळेसाठी मात्र तार सरकवण्याचा अर्ज महावितरणकडे देणंच बरं. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत असाल, तर रेल्वेचा ना-हरकत दाखला. राष्ट्रीय महामार्गावर फाटक उघडायचं असेल, तर महामार्ग विभागाची परवानगी. पाटाला लागून जमीन असेल, तर पाटबंधारे खात्याचा दाखला. तापी, गिरणा, पांझरा यांच्याजवळ असाल, तर जलसंपदा विभागाची पूररेषा नकाशावर आखून घ्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शाळा घालूच नका, परवानगीची गोष्ट तर पुढची.

काळ्या जमिनीची माती तपासणी टाळू नका. रेगूर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बोअर घेऊन कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते लिहून घ्या. पाइल घ्यायचे की खोल फुटिंग, हे त्यावरूनच स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो.

नकाशा एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, 2020 प्रमाणे हवा. रस्त्याची रुंदी आणि चारही बाजूंचे समास शैक्षणिक इमारतीच्या तक्त्यातून घ्या, घरांच्या तक्त्यातून नाही. ही चूक वारंवार होते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे वर्गाची उंची 3.6 मीटर, जिना 1.5 मीटर रुंद, पायरी 15 सेंटिमीटरहून उंच नको आणि 30 सेंटिमीटरहून अरुंद नको. रॅम्पचा उतार 1:12. शौचकूप 40 मुलांमागे एक आणि 25 मुलींमागे एक. म्हणजे मुलींसाठी शौचकूपं मुलांपेक्षा जास्त लागतात, दोघांना सारखी धरू नका. वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा आणि जिना, भांडार, शौचालयं पश्चिमेला न्या. एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हाने पश्चिमेची भिंत तापली की त्या वर्गात मूल बसूच शकत नाही. भूखंड 500 चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर पर्जन्यजल संधारणाचा खड्डा नकाशात दाखवा. अग्निशमनाच्या तरतुदी 2006 च्या राज्य अधिनियमाप्रमाणे. मधलं झाड तोडायचं असेल, तर त्याचा अर्ज वेगळा.

पैशांत विकास शुल्क, छाननी शुल्क आणि बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर धरा. शुल्कमाफीचा लेखी आदेश हातात नसेल, तर माफी धरून अंदाजपत्रक करू नका.

अर्ज दिल्यावर 60 दिवसांचा हिशेब नीट समजून घ्या. ही मुदत अर्जाच्या तारखेपासून, किंवा त्रुटीपत्राला तुम्ही दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिथून मोजतात. म्हणजे प्रत्येक त्रुटीपत्र घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं. सगळ्या त्रुटींचं उत्तर एकदाच, पोच घेऊन द्या. 60 दिवस उलटले म्हणून मानीव परवानगी (उत्तर आलं नाही म्हणून मिळालीच असं मानलेली परवानगी) धरायची, तर नकाशा नियमात तंतोतंत बसलेला हवा.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, एक वर्ष चालतं, मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या, तोवर वर चढू नका. भोगवटा प्रमाणपत्रासाठी (इमारत वापरण्याच्या परवानगीसाठी) अग्निशमनाचा दाखला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मार्चअखेर तयार हवं, कारण जूनमध्ये मुलं येतात आणि भोगवट्याशिवाय त्यांना इमारतीत बसवता येत नाही.