पहिली ऑल-ग्रेन बिअर पाणचट का झाली?

काजूच्या निऱ्यात साखर आयती असते, फेणीवाल्याला ती तयार करावी लागत नाही. जवाच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवात, असतो स्टार्च. त्याची साखर माल्टमधलीच एन्झाइमं करतात, तीही ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर भिजत ठेवलं तर. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे तयार माल्ट-पाकाच्या, डब्यात हे काम कारखान्यात उरकलेलं असतं, त्यामुळे पहिल्या ऑल-ग्रेन (थेट माल्टपासून केलेल्या) खेपेला घोळ होतो तो बहुतेक इथेच. (भांडी चढवण्याआधी अबकारी खात्यात परवान्याची चौकशी करा. फेणीच्या भट्टीलाही तो लागतोच.)

दहा लिटरच्या खेपेसाठी २.५ किलो पेल माल्ट घ्या. पाणी एकूण १६.५ लिटर: अडीच लिटर माल्ट शोषून घेतं, तासाभराच्या उकळीत साधारण तीन लिटर वाफ होते, एक लिटर गाळात जातं. यातलं ७.५ लिटर पाणी ७२ अंशांवर आणून त्यात माल्ट घाला, मिश्रण ६७ वर स्थिरावतं. थंड प्रदेशांतल्या पाककृती याहून गरम पाणी सांगतात, कारण तिथलं माल्ट १५-२० अंशांवर असतं. आपल्याकडे गोव्यात ते आधीच २९-३० वर असतं. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा. किनाऱ्यालगत तो १००च दाखवायला हवा.

माल्ट पिठाच्या गिरणीत देऊ नका. पिठाचा चिखल होतो आणि निचरा बंद पडतो. दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, टरफल शाबूत राहावं. भांड्यात पातळ जाळीदार कापडाची पिशवी लावली तर जरा बारीक भरड चालते, आणि निचरा तुंबला तरी पिशवी उचलून वेळ निभावते. पावसाळ्यात भरडलेलं माल्ट उघडं ठेवलं की सादळतं. चावल्यावर कुरकुरलं नाही तर ते वापरू नका.

तासाभराने पांढऱ्या बशीत माल्ट भिजलेल्या पाण्याचेच थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी १५ मिनिटं थांबा. टरफलाचा तुकडा आला तर तो काळा होणारच, त्याने फसू नका. मग उरलेल्या नऊ लिटर पाण्याने, ७५ अंशांच्या आसपास, माल्ट धुऊन घ्या. त्याहून फार गरम पाण्याने टरफलाचा तुरटपणा उतरतो. हाती आलेला सुमारे १४ लिटर गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर उकळा. सुरुवातीला ६ टक्के अल्फा ॲसिडचे (कडवटपणाच्या घटकाचे) १५ ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट करणारी फुलं, शेवटची पाच मिनिटं उरली की आणखी १० ग्रॅम.

आता पाणचटपणाचं कारण. उकळीनंतर ११ लिटर वर्ट उरला आणि हायड्रोमीटर, म्हणजे वर्टची घनता मोजणारी तरंगती नळी, १.०३७ दाखवतोय असं धरा. १.०३७ म्हणजे ३७ गुण, ३७ गुणिले ११ लिटर म्हणजे ४०७. अडीच किलो माल्टमधून जास्तीत जास्त सुमारे ७५० गुण निघू शकतात. म्हणजे हाती लागले ५४ टक्के. नवख्या हाताला हे नेहमीचंच. पुढच्या वेळी माल्ट तीन किलो करा किंवा भरड बारीक करा, दोन्ही एकदम नको, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांवर बेतलेला असतो, ३० अंशांच्या नमुन्यात दोन-तीन गुण मिळवा. सुरुवातीचं माप १.०४४ असूनही बिअर १.००५ पर्यंत उतरली आणि पाणचट लागली, तर दोष भरडीचा नाही: माल्ट ६२-६३ अंशांवर भिजलं असणार. भांडं गोधडीत गुंडाळा.

औषधासारखा वास आला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासा. १६ लिटरला कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची) पाव गोळी पुरते. भांड्यांना डेटॉल लावलं तरी तसाच वास येतो.

गोव्यात खरी कसोटी यीस्टची. नळाचं पाणीच २८ अंशांचं, त्यामुळे तांब्याच्या कॉइलने वर्ट ३५ च्या खाली सहसा जात नाही. पुढे भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. साध्या एल यीस्टला (अशा बिअरच्या नेहमीच्या यीस्टला) १८ ते २० अंश हवेत. खोली ३० अंशांवर असेल तर आंबताना आतलं तापमान आणखी तीन-चार अंश चढतं, आणि बिअरला नेलपॉलिशचा वास येतो. ओलं फडकं गुंडाळायची युक्ती कोरड्या हवेतली. इथल्या दमटपणात पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? थर्माकोलच्या खोक्यात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदला. पहिले तीन दिवस अजिबात चुकवू नका. एवढा खटाटोप नको असेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट आणा, ते ३०-३५ अंशांवरही स्वच्छ काम करतं.

हायड्रोमीटरचं माप तीन दिवस जागचं हललं नाही की ६० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून दहा लिटरमध्ये मिसळा आणि बाटल्या भरा. माप अजून उतरत असताना बूच लावलं तर बाटली फुटते, म्हणून खोक्यावर जाड गोणपाट टाका. इथल्या उबेत आठवड्याने एक बाटली गार करून उघडून पाहा. फेस पुरेसा असेल तर बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये.